पदराची सरपंच

"आज पिना नको लावू," चांगुणाबाई म्हणाल्या.

सीमाचा हात सासूच्या डोक्याशी तसाच थांबला. गेल्या दिवाळीपासून म्हातारीचा उजवा खांदा धरला होता. हात कानाच्या वर जायचा नाही. त्यामुळे बुचडा सीमाने बांधायचा, पदर सीमाने डोक्यावर द्यायचा आणि तो घसरू नये म्हणून दोन्ही बाजूंना काळ्या पिनाही तिनेच खोचायच्या, असा रिवाज घरात पडून गेला होता. का नको, असं तिने विचारलं. टोचतात, असं सांगून चांगुणाबाईंनी विषय संपवला आणि काठी मागितली.

सीमाला हे लक्षण काही बरं वाटेना.

आज एकतीस मे, अहिल्यादेवींची जयंती. जिल्ह्याला त्यांचं नाव मिळालं तरी सावरवाडीची तोंडं अजून नगरच म्हणतात, पण जयंती मात्र झोकात करतात. यंदा ग्रामपंचायतीपुढे मांडव घालून गावच्या पहिल्या बाई सरपंचांचा, विजयमालाबाईंचा सत्कार ठेवला होता. गाव त्यांना माई म्हणतं. निमित्त जयंतीचं, खरं कारण वेगळं. माई उद्या सकाळी गाव सोडून चालल्या होत्या. नवरा गेला, गुडघे गेले, आणि नगरला सावेडीत फ्लॅट घेतलेला मुलगा वैजनाथ आता काही ऐकून घ्यायला तयार नव्हता. घराला कुलूप लागणार हे नक्की झाल्यावर गावाला एकदम माईंची किंमत कळली. माणूस निघाल्याशिवाय शाल आणायची आठवण होत नाही, त्यात सावरवाडीच तेवढी वेगळी कशी असेल.

माई सरपंच कशा झाल्या ही गोष्ट सावरवाडीत पोरांना दुधाबरोबर पाजतात. बायकांना राखीव जागा मिळाल्या, त्यानंतरच्या पहिल्याच निवडणुकीतली. सात सदस्य निवडून आले होते. सरपंच हनुमंतराव होणार हे इतकं ठरलेलं होतं की गुलाल आदल्या दिवशीच येऊन पडला होता. विजयमालाबाईंनी अर्ज भरला तेव्हा लोकांनी ती बाईची हौस समजली. तीन मतं इकडे, तीन तिकडे, आणि सातव्या चांगुणाबाई. त्यांचा नवरा सहादू हनुमंतरावांकडे सालगडी होता. सालगड्याच्या बायकोला मत कुठे देणार म्हणून विचारायची कोणाला गरजही वाटली नाही.

तहसिलातून आलेल्या साहेबांनी विचारलं, विजयमालाबाईंच्या बाजूने कोण. तीन हात वर झाले. गाव सांगतं ते असं की, नेमके तेव्हाच हनुमंतरावांचे वडील, मोठे मालक, दारातून आत आले आणि चांगुणाबाईंचा हात पदर घ्यायला डोक्याकडे गेला. साहेबांनी चार मोजले. हनुमंतराव उसळले. साहेबांनी चांगुणाबाईंना विचारलं, बाई, हात तुमचाच ना. त्या जमिनीकडे बघत बसल्या. नाही काही म्हणाल्या नाहीत. साहेबांना एसटी गाठायची होती. त्यांनी निकाल लिहिला आणि निघून गेले.

हनुमंतराव त्याच दिवशी सहादूला कामावरून काढायला निघाले होते. पण मोठ्या मालकांनीच अडवलं. माझ्या मानापायी बाईनं पदर घेतला, तिच्या घरावर कसला राग काढतोस, असं म्हणाले म्हणे. सहादूचं काम टिकलं आणि विजयमालाबाई पदराच्या सरपंच झाल्या. पुढे त्यांनी बुद्धविहाराकडच्या वस्तीवर गावाच्या आधी नळ नेला, शाळेला भिंत घातली, दारूचं दुकान उठवलं, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. हात वर करायची वेळ आली की अजूनही कोणीतरी म्हणतं, बायांनो, आधी पदर सावरून घ्या. चांगुणाबाईही हसायच्या. गावाबरोबर हसलं की निभावतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं.

माई जाणार असं कळलं तेव्हापासून मात्र त्यांचं हसू आटलं होतं. परवा भाकरी थापताना त्यांनी सीमाला सांगून टाकलं की तो पदर नव्हता, मत होतं. तेव्हा सहादूच्या पोटासाठी गप्प बसल्या. मग सहादूच गेला. तोवर गोष्ट साऱ्या गावाची लाडकी झाली होती, आणि ती खोटी कशी पाडायची हे त्यांना सुचेना. पण माई जन्मभर चुकून निवडून आलेल्या ठरल्या. तेच ऐकत त्या उद्या वेशीबाहेर जाणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

ऐकताच सीमाला आपली नोकरी आठवली. हनुमंतरावांचा मुलगा रविराज याच्या दूध संकलन केंद्रावर ती कामाला होती. म्हणजे पुन्हा तोच उंबरा आणि तोच घास. तिने हात जोडून सासूला सांगितलं, जुनं उकरू नका. चांगुणाबाई हो म्हणाल्या नाहीत, नाही म्हणाल्या नाहीत. त्यांची ती जुनीच खोड.

मांडवात पंखे नुसते गरगरत होते, वारा कुठेच नव्हता. माइक रविराजच्या हातात होता. सरपंच खरं तर त्याची बायको सविता, थेट गावाने निवडून दिलेली, पण ती शेजारच्या खुर्चीत बसून नवऱ्याचं बोलणं ऐकत होती. सत्काराबरोबर ग्रामसभाही उरकून घ्यायची टूम रविराजचीच. त्याआधी बायकांची वेगळी सभा व्हावी लागते, पण तिच्या सह्या छगन शिपायाने सकाळीच घरोघर फिरून आणल्या होत्या. सभा सह्यांपुरती भरवायची आणि झाली म्हणून लिहायचं, ही आमच्याकडची पद्धत. बायकांचा वेळ वाचतो, असं पुरुष सांगतात.

हनुमंतराव पहिल्या रांगेत काठीवर हनुवटी टेकून बसले होते. ते आता थकले होते. माईंना शाल त्यांच्याच हातून घालायची असं ठरलं होतं आणि त्यांनी ती नीट, दोन्ही खांद्यांवर बसेल अशी घातली. मग माई बोलायला उभ्या राहिल्या.

"अहिल्यादेवींना कुनी हात वर करून निवडलं न्हवतं," त्या म्हणाल्या. "राणीला मत मागावं लागत न्हाई. मला मात्र मतानं निवडली. आन तेबी एका पदरानं."

मांडव हसला. हनुमंतरावही हसता हसता खोकले. चांगुणाबाई काठीचा आधार घेऊन उठल्या. सीमाने मागून लुगडं धरून ओढलं, तरी त्या उठल्याच.

"माई, तो पदर न्हवता."

हसणं अजून चालूच होतं. त्यांनी ते थांबायची वाट पाहिली.

"त्या दिशी पदर माझ्या डोक्यावरच हुता. घरून पिना लावून आल्ते मी. हात एकाच कामाला लागनार हुता, म्हनून. तो मी वर केल्ता. तुमाला मत दिलं. आज न्हाई लावल्या पिना, पदर पडला तर पडू दे."

हनुमंतरावांनी खुर्चीतल्या खुर्चीत सावकाश वळून त्यांच्याकडे पाहिलं.

"सहादूला मी त्या पदरावर ठेवला," ते म्हणाले.

"व्हय दादा. म्हनून तर सांगितलं न्हाई."

सीमा मान खाली घालून स्वतःच्या चपलांकडे बघत होती. उद्या दुधाचे कॅन कोण धुणार, एवढंच तिच्या डोक्यात चाललं होतं. इतक्यात माईंनी माइक खाली ठेवला. वैजनाथने दंड धरला तो सोडवून घेत त्या दुखऱ्या गुडघ्यांनी पायऱ्या उतरल्या आणि चांगुणाबाईंसमोर येऊन उभ्या राहिल्या.

"पिना मी बघितल्या हुत्या, चांगुना," त्या म्हणाल्या. "शेजारीच बसल्ते की तुझ्या."

मग त्यांनी सगळंच सांगितलं. हात सरळ वर गेला होता, मोठे मालक दारात आले ते त्यानंतर. हनुमंतराव चिडून घराकडे गेले तेव्हा यापुढे सहादूचं काय होणार, हे माईंच्या ध्यानात आलं. म्हणून त्या स्वतःच मोठ्या मालकांकडे गेल्या आणि त्यांच्या पाया पडून म्हणाल्या, तुमच्या मानाला पदर घेतला बाईने, त्यात माझं नशीब उघडलं. पदराची गोष्ट गावाने रचलीच नव्हती. ती माईंनीच गावाला आणून दिली होती.

"मग एवढी वर्सं सोताचं हसं का करून घेतलं?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"खरं सांगितलं असतं तर सरपंच मी, आन उपाशी तू. हसन्यानं काय जातंय?"

चांगुणाबाई मटकन खाली बसल्या. भारा एकटीने वाहिला म्हणून मान मोडून घ्यावी आणि मागे वळून बघावं तर दुसरं टोक कोणीतरी पहिल्यापासून धरलेलं असावं, तसं त्यांना झालं. त्या रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या, आणि आम्हीही कोणी त्यांना गप्प केलं नाही. माई शेजारी सतरंजीवर टेकल्या. पाय दुमडत नव्हते, ते त्यांनी सरळ पसरून दिले. खुर्ची आणू का, असं छगनने विचारलं, पण त्या नको म्हणाल्या.

गाव हनुमंतरावांकडे बघत होतं. त्यांनी काठीची मूठ चोळली.

"म्हंजी आमचे वडील त्या दिशी फुकटच खूश झाले," ते म्हणाले.

हसू की नको, असं करत लोक हसले. हनुमंतराव मात्र हसले नाहीत. जरा वेळाने त्यांनी सीमाला जवळ बोलावलं आणि उद्या सकाळी गाड्या लवकर येणार आहेत, केंद्रावर उशीर करू नकोस, असं बजावलं. सीमाने मान हलवली आणि मागे येऊन डोळे पुसले.

सत्कार झाला, आता पुढचा विषय, असं रविराज म्हणत होता, तोच सविताने त्याच्या हातातून माइक घेतला. ओढून नाही, दळणाचा डबा घ्यावा तसा सहज घेतला. तिच्यापुढे कागद नव्हता.

"माझा एक ठराव हाय. हितून पुढं बायकांच्या सभेच्या सह्या घरी घ्यायच्या न्हाईत. सभा हितं, समोरासमोर हुईल. मंजूर असंल त्यांनी हात वर करा."

हे विषयपत्रिकेत नाही, असं रविराज हळूच म्हणाला. आता आलं, असं सविता त्याहून हळू म्हणाली, पण माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्यांना ऐकू गेलं.

हात वर होऊ लागले. आधी अंगणवाडीच्या बाईंचा, मग बचत गटातल्या एकेकीचा. मागून कोणीतरी सवयीने 'बायांनो' म्हणून सुरुवात केली आणि पुढचं गिळून टाकलं. सीमानेही हनुमंतरावांकडे एकदा बघून घेतलं आणि हात वर केला. छगन रांगेरांगेतून मोजत पुढे येत होता.

चांगुणाबाईंनी डाव्या हाताने काठी घट्ट धरली आणि उजवा हात उचलला. तो कानापर्यंत आला आणि तिथेच अडला. माईंनी काही न बोलता आपला डावा हात त्यांच्या कोपराखाली घातला आणि तो हळूहळू, दुखणार नाही अशा बेताने, पार वर नेला. मग स्वतःचा उजवा हात वर केला. छगन त्यांच्यापाशी आला, जरा थांबला आणि दोन मोजून पुढे गेला.

चांगुणाबाईंचा पदर घसरून खांद्यावर आला होता. तो सावरायला दोघींचाही हात मोकळा नव्हता.