पूलवाल्या बाईंचा व्हिसा

कायदा मोडायचाच, असं ठरवून कायदा मोडणारी माणसं फार थोडी असतात. बाकीचे आपण सगळे फक्त ‘बघू नंतर’ म्हणतो, आणि ती वेळ कधी उलटून गेली ते आपल्याला कळतही नाही. स्टेशनजवळच्या एका तीन मजली हॉटेलाचे मालक असेच होते. सगळे त्यांना भाऊ म्हणत. गीझर बिघडला की स्वतः पाना घेऊन धावायचे, पाहुण्याची बॅग स्वतः उचलायचे, पण एखादं सरकारी काम समोर आलं की त्यांना हटकून चहाची तल्लफ यायची. त्यांची थोरली बहीण, ताई, हॉटेलचं स्वयंपाकघर आणि चादरी-टॉवेलांचं कपाट सांभाळायची. नवरा गेल्यापासून ती इथंच राहत होती. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि जिभेला धार, अशी बाई.

हॉटेलच्या वरच्या मजल्यावर एक परदेशी बाई उतरल्या होत्या. साठी ओलांडलेल्या, एकट्या. त्यांचे पती तरुणपणी इथल्या नदीवरच्या पुलाच्या कामावर इंजिनियर होते. ते वारले, आणि आयुष्यभर ज्या पुलाच्या गोष्टी ऐकल्या तो एकदा डोळ्यांनी पाहावा म्हणून बाई आल्या. रोज पुलावर जाऊन उभ्या राहत, म्हणून हॉटेलात त्यांचं नाव पडलं पूलवाल्या बाई. नवऱ्याकडून शिकलेली इथली भाषा मोडकीतोडकी बोलत. ताईशी त्यांचं छान जमे.

एके दिवशी पुलाच्या पायऱ्यांवरून त्या घसरल्या. गुडघा भोपळ्यासारखा सुजला. डॉक्टरांनी प्रवासाला सक्त मनाई केली आणि परतीचं विमान चुकलं.

“आणखी थोडे दिवस राहू?” बाईंनी विचारलं.

“राहा की! हॉटेल तुमचंच आहे,” भाऊ म्हणाले आणि त्यांनी कॉम्प्युटरवर मुक्काम वाढवून टाकला. परदेशी पाहुण्याचा मुक्काम वाढवताना व्हिसाची मुदत पुन्हा तपासायची असते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. पण समोर गरम चहा आला होता. बघू नंतर!

त्यानंतर बाई हळूहळू खोलीबाहेर पडेनाशा झाल्या. पाय बरा झाला, तरी पडदे बंदच. जेवणाचं ताट दाराबाहेर ठेवायला सांगत. ताईनं एकदोनदा विचारलं, तर “डोकं दुखतं” म्हणून दार लावून घेतलं.

आणि एका सकाळी समोरच्या लॉजचा मालक धापा टाकत आला.

“भाऊ, ऐकलंत का? आपल्या गल्लीत तपासणी सुरू झालीय. परदेशी पाहुण्यांचे कागद बघतायत. कोपऱ्यावरच्या हॉटेलवाल्याला जीपमध्ये घालून नेलंय!”

भाऊंनी घाईघाईनं बाईंच्या व्हिसाची प्रत काढली. तारीख बघितली. पुन्हा चष्मा पुसून बघितली. मुदत केव्हाच संपली होती! जीप, हातकड्या, हॉटेलच्या दाराला सील, शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दी, सगळं डोळ्यांपुढून सरकलं. बाहेर एखादी गाडी थांबली तरी ते खिडकीशी जाऊन बघू लागले.

ते वर गेले. दार वाजवलं. आतून आवाज नाही. पुन्हा वाजवलं, तेव्हा दार बोटभर उघडलं. साखळी तशीच. फटीतून बाईंचा एक डोळा दिसला.

“पोलीस?” त्यांनी कुजबुजत विचारलं.

“नाही, मी आहे. बाई, तुमचा व्हिसा...”

“माहीत आहे,” बाई म्हणाल्या. “पाय दुखत होता, तेव्हा तारीख गेली. मग भीती वाटली. मी तुरुंगात जाणार?”

ज्या प्रश्नानं भाऊंची स्वतःची झोप उडणार होती, तोच प्रश्न ही बाई एकटीनं, पडदे ओढून, किती दिवस उराशी धरून बसली होती! पण भीतीत माणसाला दुसऱ्याचं दुःख दिसत नाही. भाऊंना फक्त आपलं हॉटेल दिसत होतं.

खाली आल्यावर समोरच्या लॉजवाल्यानं त्यांच्या कानाला लागून सांगितलं, “एक माणूस आहे. असली कामं तो चुटकीसरशी निस्तरतो. बोलावू?”

भाऊंनी होकाराची मान डोलावली.

तो माणूस करड्या गाडीतून आला. इस्त्रीचा शर्ट, बोलणं मधाळ. “काळजीच करू नका. पाहुण्यांचा पासपोर्ट द्या माझ्याकडे. शहराबाहेर माझी जागा आहे, तिथं त्यांना ठेवतो. तुमच्या कॉम्प्युटरमधून नाव पुसून टाका. बाई इथं कधी आल्याच नव्हत्या. कसं?”

भाऊ वर गेले. “पासपोर्ट द्या, काम होतंय. बॅग भरा,” एवढंच म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत बघायचं त्यांनी टाळलं. बाईंनी निमूट पासपोर्ट दिला. भाऊंनी तो खाली आणला, आणि त्या माणसानं तो अलगद आपल्या खिशात घातला.

ताई चादरींची चळत घेऊन जिना चढत होती. वरून पूलवाल्या बाई एक एक पायरी उतरत होत्या, एका हातात बॅग, दुसरा कठड्यावर.

“अगंबाई, कुठं निघालात?”

“माहीत नाही. भाऊ म्हणाले, गाडी आली.”

“कुणाची गाडी?”

“माहीत नाही, ताई.”

ताईनं चादरी तिथंच पायरीवर ठेवल्या, बाईंना जिन्यावरच बसवलं आणि तरातरा काउंटरपाशी आली. “भाऊ, काय चाललंय?”

भाऊंनी चाचरत सगळं सांगितलं. तपासणी, तारीख, हा माणूस. “ताई, तू मध्ये पडू नकोस. हॉटेल बंद पडेल आपलं!”

“बाईंचा पासपोर्ट कुठाय?”

भाऊंनी त्या माणसाच्या खिशाकडे बघितलं.

“शाबास! परक्या देशात त्या बाईची ओळख सांगणारी एकच वस्तू, ती तू एका अनोळखी खिशात घातलीस? अरे, वेळेवर बघायला हवं होतं, बघितलं नाहीस, ती तुझी चूक. पण चूक कबूल करायची सोडून तू माणूसच गायब करायला निघालास! ती चूक नाही, भाऊ. तो गुन्हा आहे.”

“आणि सांगितलं तर? आपणच तिला पकडून दिलं असं नाही का होणार?”

“तिला सांगून, तिच्यासोबत जाऊन सांगितलं तर ते पकडून देणं होत नाही. आज ती कुठं आहे हे सगळ्यांना माहीत आहे. तुला, मला, डॉक्टरांना. या गाडीत बसली, की कुणालाच माहीत नसेल. मग तिला काय झालं, हे कुणाला विचारायचं?”

तो माणूस हसला. “ताई, तुम्ही उगाच घाबरवताय त्यांना. मला फक्त एक सांगा, भाऊ. बाई एकट्याच आहेत ना? म्हणजे मागं चौकशी करणारं, फोन करणारं कुणी नाही ना?”

प्रश्न साधा होता, पण भाऊ चपापले. काम निस्तरणाऱ्याला हे कशाला हवं होतं? त्यांनी जिन्याकडे बघितलं. पूलवाल्या बाई बॅग मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कुठं नेणार हे न विचारता, केवळ भाऊंनी सांगितलं म्हणून!

अरे देवा! आपण हे काय करत होतो!

“पासपोर्ट द्या,” भाऊ म्हणाले.

“विचार करा. मी आत्ता तपासणीवाल्यांच्या ऑफिसात एक फोन केला ना...”

“इथूनच करा,” ताई म्हणाली आणि तिनं काउंटरवरचा फोन त्याच्यापुढं सरकवला.

त्यानं फोनला हात लावला नाही. भाऊ काउंटरमागून बाहेर आले आणि दारात उभे राहिले. “पासपोर्ट दिल्याशिवाय तुम्हाला बाहेर जाता येणार नाही!” आवाज इतका मोठा निघाला, की चहा पीत बसलेले दोघे पाहुणे उठून उभे राहिले. त्या माणसानं पासपोर्ट काउंटरवर आपटला. भाऊ बाजूला झाले. जाताना तो म्हणाला, “बघून घेईन.” करडी गाडी निघाली, तसा भाऊंनी तिचा नंबर काउंटरवरच्या वहीत टिपून घेतला.

मग ते जिन्यापाशी गेले आणि पासपोर्ट त्यांनी बाईंच्या हातात ठेवला. “बाई, चुकलो. तुमची मुदत संपलीय हे मला कळवावंच लागेल. पण तुम्हाला सोडून नाही कळवणार. आधी तुमच्या वकिलातीला फोन करू. मग आपण तिघं जाऊ.”

बाई रडू लागल्या. ताईनं त्यांचा हात धरला. “डॉक्टरांचे कागद घ्या बरोबर. आणि चपला नीट घाला, आता पडायचं नाही.”

परदेशी नागरिकांच्या नोंदणीच्या कार्यालयात लाकडी बाकावर तिघं बसून राहिले. भाऊ सारखे रुमालानं घाम टिपत होते. अधिकारी बाई कडक होत्या. त्यांनी डॉक्टरांचे कागद वाचले, वकिलातीशी बोलल्या, मग भाऊंकडे वळल्या.

“मुक्काम वाढवताना व्हिसा का नाही पाहिलात?”

“चूक झाली, मॅडम. निष्काळजीपणा.”

“त्याच वेळी पाहिला असतात आणि बाईंना इकडे पाठवलं असतंत, तर मुदतवाढीचा अर्ज करता आला असता. तुमच्या एका आळसापायी या बाई अंधारात बसून राहिल्या. नोटीस निघेल, खुलासा द्यावा लागेल. ती माफ होणार नाही.”

“देईन,” भाऊ म्हणाले. आणि त्या करड्या गाडीचा नंबरही त्यांनी सांगितला. अधिकारी बाईंनी तो लगेच लिहून घेतला.

पूलवाल्या बाईंना दंड झाला, पण तुरुंग नाही. देश सोडण्याची परवानगी मिळेपर्यंत त्याच हॉटेलात राहायचं, असं ठरलं. त्या संध्याकाळी त्यांनी खोलीचे पडदे उघडले आणि खाली येऊन ताईच्या शेजारी बसून जेवल्या. पुढं रीतसर कागद मिळाला आणि त्या मायदेशी गेल्या.

भाऊंची नोटीस मात्र आली. तिच्या उत्तरात त्यांनी एक शब्दही लपवला नाही. ताकीद मिळाली, हॉटेल वाचलं.

काही दिवसांनी मागच्या गल्लीतला एक तरुण हॉटेलवाला दबक्या पावलांनी त्यांच्याकडे आला. “भाऊ, माझ्याकडे एक परदेशी मुलगा आहे. व्हिसा संपलाय त्याचा. रात्रभर माझ्या डोळ्याला डोळा लागलेला नाही. हळूच बाहेर काढू का त्याला? की आहे कुणी ओळखीचा माणूस?”

भाऊंनी समोरचा चहा तसाच ठेवला आणि पायात चपला सरकवल्या.

“आहे ना ओळखीचा माणूस. मीच. तो मुलगा घाबरलाय का?”

“फार.”

“मग आधी त्याच्याशी बोलू. चल, मी येतो तुझ्याबरोबर.”

मित्रांनो, आपल्या छपराखाली आलेल्या परक्या माणसाचे कागद वेळेवर पाहणं म्हणजे त्याच्यावर संशय घेणं नव्हे. ती त्याची काळजी आहे. मुदत चुकली असेल तर त्याला लपवू नका, रस्त्यावर काढू नका, त्याचा पासपोर्ट कुणाच्या हाती देऊ नका. खरं ते कळवा, आणि कळवायला जाताना त्याच्या शेजारी उभे राहा. भीती तुम्हालाही वाटेल. पण त्याला तुमच्याहून जास्त वाटत असते, कारण त्याच्यासाठी हा देश परका आहे.