तांब्याचा रेडिएटर

ब्रिहिदाची पिकअप माझ्या दुकानात आली ती दोराला बांधून. जुलै संपत आला होता, सोमवारची दुपार, सावलीतसुद्धा पंचेचाळीस अंश. पुढे ओढणारा पाण्याचा टँकर, मागे स्टिअरिंग धरून ब्रिहिदा आणि तिच्या शेजारी तिचे वडील डॉन एलिहिओ, दंडाला नुकतीच बांधलेली पट्टी. दर सोमवारी आणि गुरुवारी ती त्यांना डोंगरातून आमच्या गावच्या इस्पितळात डायलिसिसला आणायची. येताना साठ किलोमीटर, जाताना साठ. त्यातले वीस गाढवाच्या घाटाचे, तिथे रस्ता म्हणजे नुसते धोंडे.

मी कास्तुलो. चाळीस वर्षं रेडिएटर दुरुस्त करतोय. तिच्या गाडीचा रेडिएटर मी आजवर नऊ वेळा डाग देऊन उभा केला होता. त्या दिवशी डाग द्यायची तापलेली सळई टेकवली आणि नळीच भुगा होऊन खाली पडली.

"अजून एक डाग द्या, डॉन कास्तुलो," ती म्हणाली.

"डाग द्यायला खाली धातू लागतो, पोरी. इथे नुसती हिरवी माती उरलीय."

तिने तो हिरवा भुगा बोटांनी चाचपला. चाळिशीची बाई, एकटीने सत्तर शेळ्या सांभाळायची, चीज करून गावात पाठवायची. तिला रडताना मी कधी पाहिलं नव्हतं, तेव्हाही नाही.

मग मी तिला काय काय मिळू शकतं ते सांगितलं. माझ्या फळीवर एक नवाकोरा होता, तिच्याच गाडीला बसणारा. ॲल्युमिनियमची जाळी, वर-खाली प्लास्टिकच्या टाक्या. हलका, आणि डांबरी रस्त्यावर उत्तम. पण धोंड्यांवरून गाडीची चौकट पिळते, तेव्हा प्लास्टिक आणि ॲल्युमिनियम जिथे एकमेकांना धरतात तिथेच ते सोडतात. शिवाय फुटला की रानात त्याला कुणी डाग देऊ शकत नाही. दुसरा भंगारातला, मोठ्या ट्रकचा, चार रांगांचा. लोकांना वाटतं जेवढा जाड तेवढा थंड. पण घाटात गाडी चालते माणसाच्या चालीने, समोरून वारा नसतोच, जी काही हवा ओढायची ती पंख्यानेच. एवढ्या जाड जाळीतून तिचा पंखा हवा ओढू शकला नसता. तिसरा खरा तिच्या कामाचा: तांब्याच्या तीन रांगा, पितळेच्या टाक्या, पाती विरळ, म्हणजे धूळ बसली तरी फुंकून निघते.

"तुमची गाडी असती तर?" तिने विचारलं.

"तांब्याचा. दुसरा विचारच केला नसता."

"कधी येईल?"

"उत्तरेहून, तिहुआना शहरातून बसने. गुरुवारी सकाळी, मध्ये काही झालं नाही तर."

शेळ्यांची हौदी एका दिवसात कोरडी व्हायची. पंप सुरू करायला डोंगरातल्या तिच्या रँचवर दुसरं कुणी नव्हतं. जवळचे शेजारी उन्हाळाभर किनाऱ्यावर गेलेले. मी म्हणालो, डॉन एलिहिओंना माझ्या घरी राहू दे, तू टँकरवाल्याबरोबर जा. टँकर घाट चढत नाही, हे तिने मला सांगायची गरज नव्हती. आणि म्हातारबाबांनी तर ऐकूनच घेतलं नाही.

"आठवड्याचे दोन दिवस त्या यंत्राला दिलेत," ते म्हणाले. "बाकीचे मला माझ्या ओट्यावर हवेत. तुझ्या पलंगावर नाही."

म्हणून फळीवरचा बसवला. मला जे जे सुचलं ते केलं. चौकटीचा पीळ थोडा तरी गिळावा म्हणून खाली जाड रबर घातलं. पंख्याभोवतीचं कडं कधीच तुटून गेलं होतं, ते पत्रा वाकवून नवीन केलं, म्हणजे पंखा बाजूची नाही, जाळीतलीच हवा ओढेल. तांब्याचाही मागवून ठेवला. निघताना तिने विचारलं, टिकेल का. मी म्हणालो, "जपून चालव, गुरुवारपर्यंत टिकेल." हे मी कशाच्या आधारावर म्हणालो ते मला माहीत नाही. तिला काहीतरी ऐकायचं होतं, एवढंच.

मंगळवारी सकाळी माझ्या दुकानातल्या रेडिओवर तिचा निरोप आला. पोहोचलो, तापमानाचा काटा मध्येच होता, शेळ्या ठीक.

गुरुवारी आठला डॉन एलिहिओंची पाळी असायची. साडेसातला पिकअप माझ्या दारावरून जायची, ब्रिहिदा हात करायची. त्या दिवशी गेली नाही. मी रेडिओवर हाका मारल्या, उत्तर नाही. रेडिओ फक्त रँचवर होता, म्हणजे ते निघाले होते. इस्पितळाची डोंगरात जाणारी एकच गाडी दक्षिणेकडच्या गावाला गेलेली, परतणार संध्याकाळी. नऊला बस आली, खोकं उतरवलं, ते आणि पाण्याचे चार कॅन माझ्या मोटारीत टाकले आणि निघालो.

माझी मोटार घाटाच्या पायथ्याशी थांबली, त्यापुढे तिची हिंमत नाही. रेडिएटर खोक्यासकट पाठीला बांधला, एका हातात हत्यारं, दुसऱ्यात एक कॅन. माथा ओलांडून पलीकडे उतरेपर्यंत तीन किलोमीटर, त्याला मला दीड तास लागला. दर वळणावर वाटायचं, आता दिसतील.

दिसले तेव्हा डॉन एलिहिओ पालो वेर्देच्या काटेरी झाडाच्या विरळ सावलीत धोंड्याला टेकून बसले होते. आडवं झालं की दम लागतो म्हणून बसलेले. बूट काढून ठेवले होते, पाय सुजून गुळगुळीत झाले होते. ब्रिहिदा त्यांना टोपीने वारा घालत होती. दोनदा मदतीला निघाली आणि दोनदा परत फिरली, असं तिने सांगितलं. त्यांना एकटं सोडवेना.

टाकीच्या कडेला केसाएवढी चीर होती. जवळचं सगळं पाणी त्या चिरेतून गेलं होतं. तिने घोटाघोटाने ओतलं होतं, आणि दर वेळी गाडी शंभरेक पावलं चढून थांबली होती.

मी काही बोलायला गेलो, तर तिने नुसतं खोकं उघडायला घेतलं.

दोन तास लागले. बोल्ट हाताला चटके देत होते, चिंध्या गुंडाळून फिरवले. माझ्या एका कॅनने काम भागणार नव्हतं, म्हणून ब्रिहिदा माझ्या मोटारीपर्यंत जाऊन अजून एक घेऊन आली. तेवढाच तिला उचलत होता. ती नसताना मी म्हातारबाबांना पेलाभर पाणी दिलं. त्यांनी ओठ ओले केले आणि पेला परत केला.

"गाडीलाच पाजा," ते म्हणाले. "मला बंदी आहे." मग श्वास गोळा करून म्हणाले, "पोरीला बोलू नका काही. हट्ट माझा होता."

मला तरी काय बोलायचं होतं? मी नळ्यांचे पट्टे आवळत राहिलो. त्यांच्या छातीतून पाण्यात फुंकर मारल्यासारखा आवाज येत होता. त्या आवाजावर माझ्याकडे काहीच नव्हतं. मी पाना फिरवायचो, मान वर करून बघायचो, पुन्हा पाना फिरवायचो.

तीनच्या सुमारास इंजिन सुरू झालं. उरलेला चढ पिकअप पहिल्या गिअरमध्ये चढली आणि माथा ओलांडून गावाच्या बाजूला खाली उतरली. काटा मध्यावरून हलला नाही. इतका चांगला बसलेला रेडिएटर मी आयुष्यात बसवला नसेल. आणि आम्हा तिघांपैकी कुणी त्या काट्याकडे बघत नव्हतं.

गावात पोहोचलो तेव्हा दोन्ही यंत्रांवर माणसं होती. परिचारिकेने एकाची वेळ कमी करून डॉन एलिहिओंना घेतलं. त्या दिवशी ते वाचले. पण हृदय ताणलं गेलं होतं. डॉक्टरांनी ब्रिहिदाला सांगितलं की यापुढे डोंगर नाही. तिने शेळ्या चुलतभावाला दिल्या आणि बेकरीमागे एक खोली घेतली. म्हातारबाबा तिथे भिंतीकडे बघत बसायचे. ऑक्टोबरात गेले.

दफन झाल्यावर आठवड्याभराने ती दुकानात आली. तेल बदलायचं होतं. मी बॉनेट उघडलं, तेव्हा ती शेजारी उभी राहिली आणि रेडिएटरकडे बघून म्हणाली, "डॉन कास्तुलो, त्या सोमवारी दुसरं काही करता आलं असतं?"

मी तिला ट्रकच्या जाड रेडिएटरबद्दल सांगू शकलो असतो: गाडी तापली असती, थांबत थांबत आली असती, पण तो फुटला नसता. माझी बायको म्हणते तसं, गुरुवारी मीच पहाटे निघून घाटाच्या पायथ्याशी थांबायला हवं होतं, हे सांगू शकलो असतो. हे सगळं मी रोज स्वतःला सांगतो.

"नाही," मी म्हणालो.

तिने मान डोलावली. मी जुनं तेल डब्यात सोडलं, आणि ते संपेपर्यंत आम्ही दोघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.