शिंगाच्या मुठीचा चाकू

आचऱ्याच्या भिकाजी तांडेलाला जावई हवा होता. पण त्याला मुलाची पत्रिका नको होती, फोटो नको होता. शेत किती, माड किती, हेसुद्धा तो विचारत नसे. मुलगा ओट्यावर टेकला, तांब्यातलं पाणी प्याला, की भिकाजी हात पुढे करून एवढंच म्हणायचा, "चाकू दाखव."

चाळीस वर्षं त्याने शिडाच्या गलबतावर काढली होती. ज्याच्याजवळ चाकू नाही तो माणूस नव्हे, नुसतं वजन, हे त्याचं ठाम मत. एका तुफानात म्हणे त्याने गुंतलेला दोर कापला तो इतक्या जोरात, की दोराबरोबर वाऱ्याचाही एक तुकडा कापला गेला. तो तुकडा अजून देवगडच्या बाजूला वाट चुकून फिरतोय. भर वैशाखात तिकडे मध्येच गार झुळूक येते, ती त्याचीच.

रुक्मिणी त्याची एकुलती एक मुलगी. तिला बघायला आलेले तिघेजण आतापर्यंत चाकूवरून परत गेले होते. पहिला मुंबईचा कारकून. त्याने खिशातून टाक काढून हाच माझा चाकू असं सांगितलं, आणि चहा यायच्या आत तो वाटेला लागला. दुसऱ्याचा चाकू चांदीच्या मुठीचा होता, पण पात्यावर दुकानातलं तेल तसंच होतं. तिसऱ्याने भावाचा चाकू आणला. भिकाजीने त्याला डोळे मिटून उघडायला सांगितलं, तेव्हा तो बिचारा पात्यावरची नखाची खाच चुकीच्या बाजूला चाचपडत बसला. आपल्या चाकूची खाच ज्याला अंधारात सापडत नाही त्याला बायकोचा स्वभाव काय सापडणार, असं म्हणून भिकाजीने त्याला नारळ देऊन वाटेला लावलं.

हे सगळं मालवणच्या गुरुदासच्या कानावर आलं होतं, आणि त्याची झोप उडाली होती. कारण यंदाच्या रामनवमीला आचऱ्याच्या उत्सवात त्याने रुक्मिणीला पाहिलं होतं. पाहिलं म्हणजे काय, खाज्याच्या पुडीचा दोरा तो दाताने तोडत होता, दोरा तुटत नव्हता, आणि समोरून ती हसली होती. तेवढ्या हसण्यावर गुरुदास महिनाभर जगला. मग त्याच्या मावशीने, काशीबाईने, माणूस पाठवून बोलणं लावलं. आचऱ्याहून निरोप आला: पुढच्या पंधरवड्यात येऊ दे, चाकू घेऊन येऊ दे.

गुरुदासकडे चाकू नव्हता. तो खोबऱ्याच्या घाण्यावर कामाला होता, दिवसभर तेलात. दोरा दाताने, नारळ दगडाने, काटा मावशीच्या सुईने, असा त्याचा सत्तावीस वर्षांचा संसार चालला होता. चाकूसाठी त्याच्या हातात साडेतीन रुपये होते. ते घेऊन तो मालवणच्या बाजारात भाईच्या दुकानात गेला, आणि काशीबाई न बोलावता बरोबर गेली. पुरुषांना लोखंडातलं काही कळत नाही, असं ती वाटेत तीन वेळा म्हणाली. लहानपणापासून आडाळीवर, म्हणजे विळीवर, बसून तिने इतकी मासळी चिरली होती की सुरमईसुद्धा तिला बघून आपणहून तुकडे व्हायची.

भाईने लाल फडक्यावर सहा चाकू मांडले. गुरुदासचं मन लगेच एकावर बसलं. पितळेची मूठ, मुठीवर मोर, मोराच्या डोळ्यात लाल खडा. बोटाने दाबलं की पातं खटकन बाहेर. हा काढला की भिकाजी तांडेल दोन पावलं मागे सरकेल, असं त्याला वाटलं.

काशीबाईने मोर उचलला, उघडला, पातं दोन बोटांत धरून डावीकडे उजवीकडे हलवलं. पातं डुगडुगलं.

"ह्येचो खिळो आताच नाचता," ती म्हणाली. "पावसात पातां मुठीक सोडून वरातीत जातला." आणि मोर फडक्यावर परत गेला.

दुसरा विलायती. त्याला पातं, करवत, बूच काढायचा स्क्रू, दात कोरायची काडी, असा सगळा बारदाना. किंमत अकरा रुपये. काशीबाईने तो हातातसुद्धा घेतला नाही. खिशात ठेवला तर धोतर खाली येईल, असं तिने भाईला समजावून सांगितलं. तिसरा नखाने टिचकी मारल्यावर मुका निघाला. चांगलं पोलाद बोलतं, हे तिचं म्हणणं. चौथा मिटल्यावर उन्हाकडे धरला तर मुठीत आणि पात्यात फट दिसली. त्यातून वाळू जाईल. पाचव्याची कमान इतकी कडक की उघडायला कुणीतरी मदतीला लागेल.

सहावा काळा, ओबडधोबड, म्हशीच्या शिंगाच्या मुठीचा. घाटावरच्या कुठल्याशा लोहाराने केलेला. भाईने तो जागा भरायला ठेवला होता. काशीबाईने त्याला टिचकी मारली आणि कान लावला. मग तो वीस वेळा उघडला, वीस वेळा मिटला. मग भाईच्या दुकानातलं सुंभ कापलं, मग कांद्याची साल, मग भाईच्या वहीच्या पानाची कड, न विचारता. शेवटी तिने एक दोरा ताणून धरला आणि पातं नुसतं टेकवलं. दोरा तुटला होता, पण ते दोऱ्याला दुपारी कळलं.

भाई तीन रुपये म्हणाला. काशीबाईने त्याला चाकूच्या रूपाबद्दल इतकं काही ऐकवलं की भाईलाच लाज वाटून त्याने पावणेतीनला दिला. गुरुदासने चाकू खिशात घातला, पण त्याचा चेहरा उतरला. मोर गेला होता आणि खिशात म्हैस आली होती.

पण चार दिवसांत त्याचं मत फिरलं. चाकू जवळ आहे म्हटल्यावर कामं आपोआप उगवायला लागली. आंबा सोलायचाय, बोलवा गुरुदासला; पायातला काटा काढायचाय, गुरुदासला; पोस्टाचं पाकीट फोडायचंय, गुरुदासला. पाटलांच्या म्हशीच्या गळ्यातलं दावं अडकलं तेव्हाही त्यालाच बोलावलं, आणि आपल्याच जातीचं शिंग ओळखून म्हैस शांत उभी राहिली. रोज घाण्यावरून घरी येईपर्यंत तो चालता चालता डोळे मिटून चाकू उघडायचा आणि मिटायचा. दोनदा माडावर आपटला, पण बोट कापलं नाही.

ठरलेल्या दिवशी काशीबाईने त्याला शिकेकाईने तीन वेळा न्हाऊ घातलं. मुलगी बघायला जाताना अंगाला घाण्याचा वास नको. त्या दिवशी गुरुदासच्या अंगावर तेलाचा एक थेंब उरला नव्हता, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

आचऱ्याच्या वाटेवरची खाडी ओलांडायला तो होडीत बसला. ओहोटी लागली होती. होडी मध्यावर गेली आणि रेतीत रुतली. आता भरती येईपर्यंत बसा, असं सांगून होडीवाला डोक्यावर पंचा घेऊन आडवा झाला. चौदा माणसं, डोक्यावर ऊन, पोरं रडायला लागली. एक म्हातारी लेकीकडे भलामोठा फणस घेऊन चालली होती. तिला पोरांचा कळवळा आला. फणस फोडा म्हणाली. पण फोडणार कशाने? सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं, आणि गुरुदासने अगदी सावकाश, सगळ्यांना दिसेल असा, खिशात हात घातला.

फणस कापला तो असा, की चौदा माणसं पोट भरून जेवली, होडीभोवती जमलेले मासे जेवले, आणि होडी हलकी झाली म्हणून की कशाने, भरतीच्या आधीच रेतीतून सुटली. सगळ्यांनी गुरुदासची तारीफ केली. म्हातारीने त्याला आशीर्वाद दिला. त्या भरात गुरुदासने पातं खाडीच्या पाण्यात बुडवलं, खांद्यावरच्या पंच्याला पुसलं, चाकू मिटला आणि खिशात टाकला.

फणस कापायच्या आधी पात्याला तेल लावायचं असतं, हे कोकणात पाळण्यातल्या पोराला माहीत असतं. घाण्यावरचा माणूस ते विसरला. त्याच्या हाताला तेल जन्मभर लागलेलंच असायचं. मुद्दाम लावायची वेळ त्याच्यावर कधी आलीच नव्हती.

भिकाजीच्या ओट्यावर तो बसला, पाणी प्याला. भिकाजीने हात पुढे केला. गुरुदासने चाकू दिला. म्हाताऱ्याने शिंगाची मूठ बघितली, टिचकी मारली, ऐकलं, आणि त्याच्या भुवया वर गेल्या. गुरुदासचं काळीज सुपाएवढं झालं.

"आता डोळे मीट," भिकाजी म्हणाला, "आनी उघड."

गुरुदासने डोळे मिटले. खाच पहिल्या झटक्यात सापडली. नख लावलं, ओढलं. पातं हललं नाही. पुन्हा ओढलं. आत फणसाचा चीक वाळून पातं मुठीशी एकजीव झालं होतं.

भिकाजीने चाकू हिसकावून घेतला आणि स्वतः जोर लावला. चाळीस वर्षं समुद्राला न मोडलेलं त्याचं नख मोडलं. मग शेजारचा बाबू आला. तो गावात बैल उचलणारा म्हणून प्रसिद्ध. त्याने चाकू दातात धरून ओढला. चाकू उघडला नाही, पण तीन वर्षं ठणकत असलेली दाढ मुळासकट बाहेर आली, आणि बाबू गुरुदासचे उपकार मानत, गाल धरून घरी गेला.

भिकाजी आता गुरुदासकडे बघत होता, तिसऱ्या मुलाकडे बघितलं होतं तसं. दुकानदाराने फसवलं असं सांगता आलं असतं. मावशीने वाईट चाकू निवडला असंही. दोन्ही गुरुदासच्या जिभेवर आलं. पण चाकू चांगला होता, आणि चाकूला मान खाली घालावी लागली ती त्याच्या मालकामुळे. हे गुरुदासला सहन होईना.

"चाकवाचो दोष नाय," तो म्हणाला. "होडयेत फणस कापलंय. त्याल लावूक इसारलंय."

"काम खंय करतंस तू?"

"घाण्यार," गुरुदास म्हणाला. "खोबऱ्याच्या."

मग आतल्या दाराआडून कोणीतरी फुटल्यासारखं हसलं. रामनवमीला ऐकलेलं हसणं ते हेच, हे ओळखायला गुरुदासला डोळे वर करावे लागले नाहीत.

रुक्मिणी बाहेर आली. तिने गुरुदासकडे न बघता बापाला विचारलं, "बाबा, इचारा तेंका, फणस कापो होतो की बरको?"

कापा म्हणजे करकरीत गऱ्यांचा, चाकूशिवाय न फुटणारा; बरका म्हणजे रसाळ, पिचपिचीत, नुसत्या हातानेही फुटणारा. "कापो," गुरुदास जमिनीला म्हणाला.

"आनी कोणी खाल्ल्यान?"

गुरुदासने चौदा माणसं सांगितली, पोरं सांगितली. स्वतः किती गरे खाल्ले असं भिकाजीने मध्येच विचारलं, तेव्हा त्याला आठवेना. कापण्याच्या नादात खायचंच राहिलं होतं.

रुक्मिणी चाकू घेऊन आत गेली. तिने पळीत खोबरेल तापवलं, खिळ्यापाशी चार थेंब सोडले, फडक्यात धरून थोडं थांबली. मग ओट्यावर येऊन अंगठ्याच्या नखाने पातं असं उघडलं, जसं कोणी झोपलेल्या पोराचा हात उशाखालून काढावा. फणसाचा वास ओटाभर पसरला.

भिकाजीने काथ्याचा दोर पुढे टाकला आणि गुरुदासला पुन्हा डोळे मिटायला लावले. या वेळी चाकू नुसत्या विचाराने उघडला. एका घावात दोर कापला गेला, आणि दोराखालच्या ओट्याच्या कडेचाही एक कपचा उडाला. तो कपचा भिकाजी पुढे वर्षानुवर्षं पाहुण्यांना दाखवायचा, आणि दर वर्षी तो थोडा मोठा व्हायचा.

"चाकू बरो आसा," म्हातारा शेवटी म्हणाला. "माणूस इसराळू आसा. पन खोटो नाय." मग तो मुलीकडे वळला. "तुजा काय म्हणना?"

रुक्मिणीने पातं पुसलं, चाकू मिटला, आणि सगळ्यांच्या देखत आपल्या कमरेला खोचला.

"ह्यो हंयच रवांदे," ती म्हणाली. "तेंका व्हयो आसलो तर घेवक येतले."

परतीच्या होडीत गुरुदास बसला होता की होडी गुरुदासमध्ये बसली होती, हे होडीवाल्याला कळलं नाही. दिवेलागणीला तो घरी पोचला. काशीबाई तुळशीपाशी उभी होती. तिने आधी त्याच्या तोंडाकडे बघितलं, मग खिशाकडे. खिसा सपाट होता.

"चाकू खंय?"

"आचऱ्याक रवलो."

"कोणी ठेवन घेतल्यान? म्हाताऱ्यान?"

"चेडवान."

काशीबाईने हातातली वात निरांजनात ठेवली. पदराने डोळे पुसले, आणि मग त्याच्या पाठीत एक धपाटा घातला.

"मगे तू कित्या परत इलंस रे, खुळ्या?"