गळ्यात टांगलेली वहाण

मित्रांनो, मी एक जुनी, उजवी वहाण आहे. शाळेच्या काचेच्या कपाटात मला ठेवलं आहे. गुरुजी सांगतात, "ह्याच वहाणा घालून आपले गुरुदास हिमालयापर्यंत चालत गेले!" साफ खोटं! त्या माणसाने मला पायाचा वाससुद्धा लागू दिला नाही. मेल्याचा मला अजून राग आहे.

त्याची बायको राधाबाई. तिने माझी आणि माझ्या डाव्या बहिणीची जोडी मालवणात मुद्दाम शिवून घेतली. तेव्हा खाली गोव्यात फिरंगी होता, तिकडची वाट बंद, म्हणून गुरुदास गोव्याच्या हद्दीवरच्या आमच्या रेडीहून उत्तरेकडे तोंड करून निघाला. वेशीबाहेर पडताच आम्हांला दोरीने गळ्यात अडकवलं. म्हणे, "मानाच्या जागी घालीन." दिल्ली आली, हिमालय आला, याच्या मानाची जागा काही आली नाही. तो अनवाणी चालला, आम्ही त्याच्या छातीवर आपटत राहिलो. जिल्ह्यात एवढं कोणी चाललं नव्हतं.

परत आल्यावर देवळासमोर सत्कार ठरला. आमच्या गावचा राखणदार देव वेतोबा रात्री गस्त घालतो आणि त्याच्या वहाणा झिजतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. गावचा पुढारी परशुराम हार घालायला आला आणि माझा तळ बघून थबकला. मला उंच धरून ओरडला,

"बघा रे! देवाच्यो व्हाणो झिजतत, आणि ह्येच्यो कोऱ्यो! ह्यो खंय चल्लो? माडाखाली निजलो आसतलो!"

लोक खिदळले. कोणी शेणाचा गोळा उचलला. गुरुदास मान खाली घालून उभा. आता ह्या गावात तो जन्मभर लबाड ठरणार होता. मी मनात म्हटलं, बरं झालं!

तेवढ्यात राधाबाई पुढे आली.

"अवो, पाय वर करा बगया."

त्याने लाजत पाय उचलला. टाचेला ही भेग! कालवं राहतील एवढी! आणि भेगेत वीतभर हिरवं रोप.

"ह्यां तर गवात," परशुराम म्हणाला.

"गवात? भावजी, लोंबी दिसना नाय? गहू आसा तो! आपल्या हय गहू खंय पिकता, सांगा!"

परशुरामाने लोंबी चोळली, दाणा दाताखाली फोडला. मग हळूच म्हणाला, "मरांदे. हार खंय आसा रे?"

गुरुदास जिंकला. गहू गुरांनी खाल्ला आणि मान मला मिळाला, हे कपाट! पावसाळ्यात अंगावर बुरशी येते. डावी बहीण तर वाळवीने नेली. वेतोबाच्या वहाणांचा मला हेवा वाटतो, त्यांना कोणी झिजवतो तरी.

म्हणून मित्रांनो, वस्तू जपा म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. कपाटाची कडी सैल आहे. कोणीतरी मला एकदा पायात घाला आणि चिखलातून न्या. एकटी आहे, तर लंगडी घाला!