खारटबाईच्या तीन बाटल्या

चष्मेवाल्याच्या दुकानावर एक माळा होता. खाली डोळे तपासायची खुर्ची, उजेडाचा तक्ता आणि फ्रेमांची कपाटं. वर, लाकडी जिना चढून गेलं की एक लांबट टेबल आणि जमेल तिथून गोळा केलेल्या खुर्च्या. महिन्यातून एका रविवारी दुपारी तिथे व्हिस्कीवाल्यांची बैठक भरायची. हे ढोसणारे लोक नव्हते. पेल्यात बोटभर ओतून घ्यायचे आणि तासभर तिच्यावर बोलत बसायचे. चष्मेवाल्याची बायको म्हणायची, "पिता थोडं आणि बडबडता फार. उलटं केलंत तर निदान वेळेवर घरी तरी याल."

बैठकीतला खरा मानकरी म्हणजे तिच्या धाकट्या बहिणीचा नवरा. शीतगृहांची यंत्रं बसवणाऱ्या कंपनीत तो इंजिनियर होता. डोळे मिटून पेला नाकाशी धरायचा आणि आतली व्हिस्की कसल्या पिंपात मुरली, ते पिंप आधी कशाला वापरलेलं होतं, इथपर्यंत सांगायचा. नऊदा बरोबर यायचं आणि दहाव्यांदा चुकलं तरी ऐकायला इतकं गोड वाटायचं की कुणी हरकत घ्यायचं नाही. म्हणून तो नाकोबा. साडू-साडूंमध्ये सहसा सासरच्या मानपानावरून धुसफूस असते; या दोघांचं मात्र पहिल्या भेटीपासून गूळपीठ जमलं होतं. चष्मेवाला चार वर्षांनी मोठा, पण अहो-जाहो कधी झालंच नाही. "अरे मेल्या" आणि "गाढवा" यांवरच संसार चाललेला.

दोघांचा जीव एकाच व्हिस्कीवर होता. दूरच्या कुठल्याशा समुद्रकाठच्या छोट्या भट्टीत ती गाळली जायची आणि गिळल्यावर जिभेवर किंचित मीठ ठेवून जायची. तिचं खरं नाव घेताना जिभेला गाठ पडे, म्हणून नाकोबाने तिचं नाव ठेवलं खारटबाई. एके काळी ती दुकानांत सगळ्यात खालच्या फळीवर धूळ खात पडलेली असायची, कुणी ढुंकून बघत नसे. मग ती भट्टी बंद पडली. बंद पडली म्हटल्यावर सगळ्या जगाला तीच हवी झाली. ज्यांनी आयुष्यात थेंब चाखला नव्हता तेही ती घेऊन कपाटात कुलपाखाली ठेवू लागले, कारण ठेवली की वाढते. भाव असे चढत गेले की बैठकीत वर्गणी काढूनही एक बाटली जमेना.

तेव्हा दोघे शिकारीला निघू लागले. चष्मेवाल्याच्या जुन्या गाडीतून आडगावची दुकानं पालथी घालायची. भावाची खबर न पोचलेला एखादा दुकानदार गाठायचा, सिगारेटचं पाकीट घेतल्यासारखं करायचं आणि तेवढ्यात नाकोबाने गुडघ्यावर बसून मोबाइलच्या उजेडात खालची फळी चाचपायची. बहुतेक वेळा हाताला धूळ लागायची आणि कोळ्याची जाळी. "सापडली का?" "सापडली. पण ही तुझ्यासारखी आहे, नुसतीच जुनी." रिकाम्या हाताने परत येतानाही दोघे हसत यायचे. पुढे चष्मेवाल्याला त्या दिवसांची आठवण आली की बाटल्या आठवत नसत, गाडीतलं ते हसणं आठवायचं.

असंच एका हमरस्त्यालगतच्या दुकानात त्यांना काका भेटले. दुकान कसलं, बियर, सोडा आणि काडेपेट्या. गल्ल्यावर हाडकुळे, स्वच्छ दाढी केलेले म्हातारे गृहस्थ. नाकोबा खाली वाकला तसे ते म्हणाले, "खाली काही नाही. हवी आहे ती आत आहे."

दोघांच्या तोंडाला पाणी सुटलं. आतल्या खोलीत खारटबाईची पेटी होती. काकांना भाव माहीत होता, पुरता माहीत होता. मोटारी घेऊन आलेल्या व्यापाऱ्यांना त्यांनी हात हलवत परत पाठवलं होतं. "मी आणि माझी बायको शनिवारी एकेक पेला घ्यायचो," ते म्हणाले. "ती गेली घशाच्या कॅन्सरने. शेवटी पाणीसुद्धा उतरेना. ही काही लोखंडाच्या कपाटात ठेवायची वस्तू नाही. पिणाऱ्याला देईन, जुन्या भावात देईन. पण सील इथे फोडायचं, माझ्यासमोर. आणि पहिला घोट माझा."

सील फोडलेली बाटली कुठला व्यापारी घेणार! अट साधी होती आणि पक्की होती. त्यानंतर दर दोन-तीन महिन्यांनी दोघे तिकडे जायचे. काका तीन पेले पुसून मांडायचे, सील फोडायचे, बायकोबद्दल एखादी गोष्ट सांगायचे. उरलेली बाटली माळ्यावर यायची आणि बैठकीला सण आल्यासारखं वाटायचं.

मग नाकोबा टाळू लागला. कधी साइटवर जायचंय, कधी डोकं दुखतंय. मध्ये बराच काळ गेला. शेवटी चष्मेवाला एका दुपारी एकटाच गेला.

दुकानात पाऊल टाकताच काका गल्ल्यामागून उठले. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. "तुम्ही?" ते म्हणाले. "तुम्ही हिंडता-फिरता?"

"म्हणजे?"

"अहो, तुमचे साडू आले होते. रडले इथे बसून. तुमच्या घशात निघालंय म्हणाले, डॉक्टरांनी हात टेकलेत. गिळता येत नाही, पण खारटबाई उशाशी हवी, नुसती बघत पडेन असं तुम्ही म्हणालात. म्हणून सील न फोडता नेली. होत्या नव्हत्या त्या तिन्ही दिल्या मी. पैसे कसले घ्यायचे अशा वेळी!"

सील शाबूत म्हणजे बाटल्या थेट व्यापाऱ्याकडे गेल्या, हे चष्मेवाल्याला एका क्षणात कळलं. तो तोंड उघडणार एवढ्यात काका काउंटरला वळसा घालून आले आणि त्यांनी त्याचे दोन्ही दंड धरले. डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. "वाचलात," ते म्हणत होते. "वाचतो म्हणजे माणूस. वाचतो!"

त्या चेहऱ्याकडे बघून चष्मेवाल्याला खरं बोलवेना. "हो," तो म्हणाला. "वाचलो खरा."

गाडीत बसल्यावर मात्र त्याचं डोकं फिरलं. बाटल्या गेल्या याचा राग होताच. पण आपल्याला जितेपणी मारून विकलं याची आग जास्त होती. एकट्याला गाठून विचारलं असतं तर गोष्ट वेगळी झाली असती. पण पुढच्या रविवारी माळ्यावर सगळे जमले, नाकोबाही नेमका आला, आणि दातांच्या डॉक्टरीणबाईंनी सहज विचारलं, "काय, आपल्या खारटबाईंची काही खबर?"

"आहे की," चष्मेवाला म्हणाला. "तिला विकून आमचे साडू मोकळे झाले. आणि मी मेलोय बरं का, घशाच्या कॅन्सरने. नाकोबा, तुझं नाक एवढं तिखट, मला मढ्याचा वास येतोय का सांग."

आधी कुणीतरी हसलं, थट्टा समजून. मग त्याने सगळं सांगितलं, एकही तपशील न गाळता, चवीचवीने. नाकोबा मान खाली घालून ऐकत होता. त्याने एकदाही नाही म्हटलं नाही. हातातला पेला हळूच टेबलावर ठेवला आणि जिना उतरून निघून गेला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं सगळ्यांसमोर नको होतं." चष्मेवाल्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

दोन दिवसांनी बायको बहिणीकडून आली ती डोळे सुजवूनच. स्वयंपाकघरात न जाता तशीच त्याच्यासमोर बसली. नाकोबाची नोकरी गेल्याला वर्ष होत आलं होतं. तो रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, डबा घेऊन निघायचा आणि वाचनालयात बसून संध्याकाळी घरी यायचा. बायकोलाही पत्ता लागू दिला नव्हता. त्या बाटल्या विकून आलेल्या पैशांत मुलीच्या कॉलेजची फी भरली होती.

"मला सांगता आलं नसतं का त्याला?" चष्मेवाला म्हणाला.

"तुम्हाला?" बायको म्हणाली. "तुम्ही काय केलंत ते आठवा आणि मग विचारा."

त्याने फोन केला, उचलला गेला नाही. घरी गेला तर मेहुणीने दार उघडलं, चहा दिला, नवरा झोपलाय म्हणाली. आतल्या खोलीत पंख्याचा आवाज येत होता आणि खाटेची कुरकुर. जागा माणूस कूस बदलतो तशी. चष्मेवाला चहा संपवून परत आला. पुढे सणासमारंभाला बहिणी-बहिणी भेटत, साडू मात्र समोरासमोर येत नसत.

काकांचा फोन आला तेव्हा चष्मेवाला एका गिऱ्हाइकाच्या चष्म्याच्या काड्या वाकवून देत होता. आवाज ओळखू येईना इतका बसलेला.

"तुम्हाला त्रास देतो," काका म्हणाले. "माझ्याही घशात तेच निघालंय. सून म्हणते ऑपरेशन करा, मी म्हटलं, आधी आपल्या माणसाला विचारू. तुम्ही कुठल्या डॉक्टरांकडे बरे झालात?"

चष्मेवाल्याच्या हातातली फ्रेम तशीच राहिली. "सांगतो," तो म्हणाला. "मीच येतो."

दुकान अर्ध्यात बंद करून तो थेट नाकोबाच्या घरी गेला. या वेळी नाकोबाने स्वतः दार उघडलं. दाढी वाढली होती, मानेवर शर्ट सैल झाला होता. चष्मेवाल्याने उंबऱ्यातच उभं राहून फोनबद्दल सांगितलं. नाकोबाने पायात चपला सरकवल्या.

"चला," तो म्हणाला. "मी बोलतो त्यांच्याशी. तुम्ही काही बोलू नका."

तुम्ही. चष्मेवाल्याला वाटलं, याने शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

काका दुकानामागच्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते, गळ्याभोवती मफलर. दोघांना एकत्र बघून त्यांचा चेहरा उजळला. नाकोबा त्यांच्यासमोर जमिनीवरच बसला आणि त्याने सगळं सांगून टाकलं. नोकरी सांगितली, व्यापारी सांगितला, इथे येण्याआधी गाडीतळावर उभं राहून रडण्याची तालीम केली होती तीही सांगितली. "यांना कधीच काही झालं नव्हतं," तो म्हणाला. चष्मेवाला म्हणाला, "आणि मीही त्या दिवशी तुम्हाला खरं सांगितलं नाही."

काकांनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. रागाचं चिन्ह नव्हतं. काहीतरी हिशेब जुळत नसावा तसे ते बघत होते.

"म्हणजे," ते घोगऱ्या आवाजात म्हणाले, "बरा झालेला कुणी नाहीच."

बाहेर सून कुणाला तरी सुटे नाहीत म्हणून सांगत होती.

"बाटल्यांचं मरू दे हो," काका म्हणाले. "त्या मी गेल्यावर कुणीतरी विकल्याच असत्या. पण मी रोज रात्री पडल्या पडल्या तुमचा विचार करायचो. म्हणायचो, तो बघ, तो जिना चढतो, दुकान चालवतो." त्यांनी डोळे मिटले. "जा आता तुम्ही."

दोघे गेले, पण सुटले नाहीत. डॉक्टरीणबाईंच्या ओळखीने शहरातल्या मोठ्या इस्पितळात काकांचा नंबर लागला. सून दुकान सोडून रोज येऊ शकत नव्हती. तेव्हा गाडी चष्मेवाल्याची आणि माणूस एक दिवस हा, एक दिवस तो, अशी वाटणी आपोआप पडली. किल्ली बायका-बायकांमधून फिरायची. काका सुरुवातीला दोघांशीही बोलत नसत. नंतर नंतर नाकोबाशी थोडं बोलू लागले, चष्मेवाल्याशी नाही. त्याला ते लागलं. मग एकदा परत येताना त्याने विचारलंच.

काका खिडकीबाहेर बघत होते. "त्याच्याकडे बघितलं की तो माझ्याशी खोटं बोलला एवढंच आठवतं," ते म्हणाले. "तुमच्याकडे बघितलं की मला बरं वाटायचं, ते आठवतं. ते जास्त वाईट."

उपचार लागू पडले नाहीत. हिवाळा सरता सरता काका गेले. त्या सकाळी इस्पितळात योगायोगाने दोघेही होते. सून कागदांवर सह्या करत होती, तिला पाणी आणून दिलं, टॅक्सी बघून दिली. मग करण्यासारखं काही उरलं नाही आणि दोघे फाटकाशी येऊन थांबले.

"चल, सोडतो तुला," चष्मेवाला म्हणाला.

"नको. तुम्ही व्हा पुढे. मला इथून बस आहे."

"नोकरीचं काही?"

"एका बर्फाच्या कारखान्यात जातोय. पंपांवर. बरं आहे."

"अरे गाढवा," चष्मेवाला म्हणाला.

नाकोबाने त्याच्याकडे बघितलं. किंचित मान हलवली, राग नाही, ओढही नाही, वाटेत भेटलेल्या ओळखीच्या माणसाला हलवतात तशी. बस आली. तो चढला, दाराशीच दांडी धरून उभा राहिला. गर्दी नव्हती, बसायला जागा होती. तरी तो बसला नाही, आणि बस वळेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही.