गाडीचा खोकला

तडा गेलेला कार्ब्युरेटर तिने नवऱ्याच्या जुन्या सदऱ्यात गुंडाळून आणला होता, तापलेलं पोर कडेवर घेऊन यावं तसा. मिस्त्रीने तो टेबलावर ठेवला, उलटासुलटा केला आणि जीभ टाळ्याला लावून च्यक् केलं.

"वहिनी, हा गेला. दुसराच शोधायला हवा."

"शोधला की! झाकणावरचा नंबर देऊन मागवला. तो बसतच नाही."

"कसा बसेल? नाकापेक्षा मोती जड!" त्याने चिंधी रॉकेलमध्ये बुडवून कार्ब्युरेटरचं पोट घासलं. काजळीखालून वेगळेच आकडे वर आले. "हे बघा. अंग याचं आणि झाकण भलत्याच गाडीचं. टोपी एकाची, डोकं दुसऱ्याचं. दादांनीच कधीतरी कानस मारमारून बसवलंय. म्हणून तर गाडी खोकायची. परक्या झाकणामुळे पेट्रोल जास्त चढायचं. मी किती मागे लागलो, बदला म्हणून. म्हणायचे, खोकू दे रे, बायकोला कळतं मी आलो ते."

ती सदऱ्याची घडी घालत राहिली.

कळायचंच तिला. गल्लीच्या तोंडाशी गाडी खोकली की ती इकडे चुलीवर आधण ठेवायची. पुढे दादा अंथरुणाला खिळले. ओंजळीतून पाणी गळावं तशी आठवण गळत गेली. पोरं गेली, भाऊ गेले, शेवटी बायकोही गेली. समोर असून गेली. तेव्हापासून रोज सकाळी ती खाली जाऊन खिडकीखाली गाडी सुरू करायची. खोकला वर पोचायचा, ते डोळे उघडायचे आणि म्हणायचे, "अगं, आलो बघ." दिवसभरात तेवढाच एक 'अगं'. त्यावर तिचा दिवस निघायचा. मग पुन्हा, "बाई, तुम्ही कोण?"

कार्ब्युरेटर तडकला आणि तो 'अगं'ही बंद झाला.

मिस्त्रीने कार्ब्युरेटरच्या घशाचं माप घेतलं, बोल्टच्या भोकांमधलं अंतर घेतलं, पोटावरचा नंबर ताडून पाहिला. भंगारवाल्यांचे उंबरे झिजवल्यावर एके ठिकाणी अस्सल जोड सापडला. झाकणासकट. तिच्या घरी येऊन त्याने तो गाडीवर चढवला. अंगठीत खडा बसावा तसा बसला. तिने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि दुधावर साय धरावी इतक्या हळुवार आवाजात चालत राहिली.

"कारखान्यातून निघाली तेव्हा अशीच असणार!" मिस्त्रीला हसू आवरेना.

ती धावतच जिना चढली. दादा खिडकीकडे बघत होते.

"कुणाची हो गाडी ती, बाई?"

"आपलीच की."

"छे! आपली खोकते." त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

ती खाली आली. "मिस्त्री, ते जुनं झाकण याच्यावर बसवा."

"अहो वहिनी, चांगली चालतेय!"

"बसवा म्हणते ना."

झाकण बसेना. ते फक्त त्या तुटलेल्या अंगालाच बसत होतं. मग मिस्त्रीने आतला, पेट्रोल रोखणारा तरंगा वाकवून पेट्रोल वाढवलं. गाडी गुदमरली, काळा धूर ओकून बंद पडली. थोडा सरळ केला, तर नुसतीच कण्हली. दर वेळी ती वर जाऊन आली. दर वेळी भिंत आणि पाठ. शेवटी मिस्त्रीने पाना खाली ठेवला.

"चांगली गाडी बिघडवता येते, वहिनी. पण तशीच नाही बिघडवता येत."

ती वर गेली. खोलीत ऊन भिंतीवरून उतरत होतं. तिला दारात उभी पाहून दादा मोठ्या अदबीने पाय आखडून सरकले, तिला जागा करून दिली.

"बसा ना बाई. कुणाची वाट बघताय?"

"माझ्या नवऱ्याची."

"येतील हो," ते म्हणाले. "गाडीचा आवाज आला की कळेलच तुम्हाला."

आणि दोघंही कान देऊन बसली.