नळीखालचं अक्षर

जुन्या बंदुकांची पारख करणाऱ्या त्या माणसाला बाजारात सगळे पारखीच म्हणत. त्याचं खरं नाव बायकोला तरी आठवत असेल की नाही, कोण जाणे. एका दुपारी साठीतली एक बाई चादरीत गुंडाळलेली दुनळी बंदूक घेऊन त्याच्या दुकानात आली. तिचे वडील शहाण्णव वर्षांचे होते, आणि ही वस्तू घराबाहेर गेल्याशिवाय डोळे मिटणार नाही म्हणून हटून बसले होते. संग्रहालय बंदूक ठेवून घ्यायला तयार होतं, पण कारागीर कोण आणि साल कुठलं, याचा कागद मागत होतं.

"शंभर वर्षांची तरी असेल," बाई म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, "माझे आजोबा हिनंच गेले. बाबा तेव्हा पाच वर्षांचे होते. खेळता खेळता त्यांनीच चाप ओढला."

पारख्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ बंदुका कुठली ना कुठली लढाई गाजवूनच आलेल्या असत. एवढ्या लढाया झाल्या तरी कधी, असा त्याला प्रश्न पडे. पण ही बढाई नव्हती.

आजोबांच्या मागे वडिलांना त्यांच्या काकानं वाढवलं होतं. पोराच्या हातून काय झालं ते त्यानंच त्याला सांगितलं, आणि पुढे ही बंदूक जेवायच्या टेबलासमोरच्या भिंतीवर टांगली. रागावला मात्र एकदाही नाही. "बाबांनी आम्हा भावंडांना कधी उचलून घेतलं नाही," बाई म्हणाली. "आम्हाला वाटायचं, आम्ही आवडत नाही त्यांना."

ती गेल्यावर पारखी कामाला लागला. नळ्यांवरचं नाव घासून पार पुसट झालं होतं. खडूची पूड चोळली तरी दोनच अक्षरं उमटली. मग त्यानं नळ्यांखालचं लाकूड काढलं, दस्त्यापासून नळ्या सोडवल्या आणि खालचं जुनं, काळं ग्रीस पुसलं. भिंगाखाली ऐरणीचा इवलासा छाप दिसला. हा छाप त्यानं झोपेतही ओळखला असता. दोघा भावांचा कारखाना होता तो, कधीचाच बंद पडलेला. शेजारी नळी तपासल्याचा सरकारी शिक्का होता आणि त्याखाली एक अक्षर. हे अक्षर दरवर्षी बदलायचं.

त्यानं अक्षरांची वही काढली. पंच्याऐंशी वर्षं. बोटांवर पुन्हा मोजलं, तेवढीच भरली. मग मनात आलं, जुन्या बंदुकीला मागाहून नव्या नळ्या बसवल्या असतील. पण नळ्या, दस्ता आणि काढलेलं लाकूड, तिन्हीवर एकच क्रमांक होता. वर त्या भावांचा कारखानाच मुळी अठ्ठ्याऐंशी वर्षांपूर्वी सुरू झालेला. आणि आजोबांना जाऊन एक्याण्णव वर्षं झाली होती.

आजोबा गेले तेव्हा ही बंदूक जगातच नव्हती.

दुसऱ्या दिवशी बाईनं ते ऐकलं आणि बराच वेळ चादरीची घडी घालत बसली. मग म्हणाली, "हे तुम्हीच बाबांना सांगा. माझ्या तोंडून त्यांना खरं वाटायचं नाही."

म्हातारा खिडकीपाशी खुर्चीत बसला होता, दोन्ही हात स्वेटरच्या खिशात. पारख्यानं त्याला शिक्का, अक्षर, क्रमांक, सगळं सावकाश समजावून सांगितलं. शेवटी म्हातारा म्हणाला, "दुसरी बंदूक असेल. ती मोडली म्हणून काकानं ही आणली असेल."

"असेलही. मी एवढंच सांगतो, ती ही नव्हे."

"पण काका म्हणाला, हीच ती. मी अकरा वर्षांचा होतो. त्यानं माझा हात धरून चापावर ठेवला, म्हणाला, विसरू नकोस." म्हातारा थांबला. "बोटाला तो गारवा मला अजून आठवतो. मला वाटायचं, तो वडील गेले त्या दिवसाचा."

बाईनं तोंडाला पदर लावला. म्हाताऱ्यानं तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. काकाचं सगळं आजारपण मीच काढलं, असं तो पारख्याला सांगत राहिला. त्याला भरवलं, त्याचे पाय दाबले, आणि अखेरच्या दिवसांत काका त्याच्याकडे एकटक बघायचा, काही विचारलं की भिंतीकडे तोंड करायचा. हे त्यानं दोनदा सांगितलं, जसंच्या तसं.

परतताना पारख्याला वाटलं, म्हाताऱ्याच्या छातीवरची धोंड आपण उतरवली. घरी बायकोलाही तो तसंच म्हणाला.

पंधरा दिवसांनी बाई कागद न्यायला आली तेव्हा तिचा चेहरा ओढलेला होता. पारख्यानं वडिलांची चौकशी केली.

"झोपत नाहीत," ती म्हणाली. "आजोबा गेले त्या दिवशी दार उघडं होतं, असं म्हणतात. दारात कुणीतरी उभं होतं. आधी नुसते बूट दिसायचे. परवापासून गुडघ्यापर्यंत दिसतं." तिनं कागद हातात घेतला, पण वाचला नाही. "हे खरंच आठवतंय त्यांना, की तुम्ही सांगितलंत म्हणून दिसतंय?"

ते आपल्याला कळायचं नाही, असं पारखी म्हणाला.

"बाबाही काल मला हेच म्हणाले," बाई म्हणाली. "म्हणाले, थांब जरा, चेहरा दिसू दे. आणि दिवा मालवू देत नाहीत."